दुपारचं घर

मी रिटायर झालो त्या दिवशी सेक्शनच्या लोकांनी मला उघड्या जीपमधून घरी आणलं. आमच्याकडे जबलपूरला फॅक्टरीवाल्यांची ही रीतच आहे, शेवटच्या दिवशी माणसाला एकट्याला घरी येऊ देत नाहीत. पुढे ढोल, गळ्यात झेंडूचे हार, डोक्यापासून कॉलरपर्यंत गुलाल. कांचघरच्या आमच्या गल्लीत जीप वळली तेव्हा बायको ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी होती आणि तिच्या मागे गल्लीतल्या तिच्या चार मैत्रिणी. चौघींचेही चेहरे उतरलेले होते. मला वाटलं, प्रसंगच तसा आहे, माणूस पस्तीस वर्षांची नोकरी संपवून येतोय, बायांना भरून आलं असेल. मी हात जोडून त्यांचं सांत्वनही केलं.

मी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो. लोक मशीनवर सुटे भाग बनवत आणि मी ते गेजला लावून बघत असे. बसला तर पास, नाही बसला तर लाल ठिपका आणि सगळा माल परत. केसभर फरकही मला चालत नसे. त्यामुळे माझ्याशी लोक अदबीनं वागत आणि कँटीनमध्ये माझ्या टेबलावर जागा नेहमी रिकामी असे. कामामुळे स्वभाव असा झाला की स्वभावामुळे हे काम मिळालं, ते मला सांगता येणार नाही. बायकोचं म्हणणं, तुम्ही आधीपासूनच असे होते, फॅक्टरीनं फक्त त्याचा पगार दिला.

मुलगी लग्न होऊन इंदूरला आणि मुलगा बंगळूरला, म्हणजे घरात आम्ही दोघंच. लोक सांगायचे की रिटायर झाल्यावर माणूस खचतो, त्याला करमत नाही, सकाळी उठून काय करावं कळत नाही. मी ठरवलं होतं की आपण खचायचं नाही. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघर हाती घेतलं. डबे उंचीप्रमाणे लावले, प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवली, मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांचा क्रम बदलला. त्या दिवशी बायको हिंगाची डबी अर्धा तास शोधत होती. पण ती काही बोलली नाही, आणि कोणी काही बोललं नाही म्हणजे माल पास झाला असा माझा जन्माचा हिशोब. मी पोळ्यांकडे वळलो. एक पोळी दुसरीपेक्षा बोटभर मोठी का होते, हे मी तिला अगदी प्रेमानं विचारत असे.

मैत्रिणी आल्या तिसऱ्या की चौथ्या दुपारी. जेवणं आटोपून मी पुढच्या खोलीत बनियनवर पेपर वाचत पडलो होतो. मागच्या अंगणातून, स्वयंपाकघरातून, न हाक मारता चौघी आत आल्या आणि मला बघून उंबऱ्यातच थबकल्या. एक आपली मराठी, माझ्या बायकोच्याच वयाची, बाकी तिघी इकडच्याच. चौघींचेही नवरे आमच्याच फॅक्टरीत, कोणी मशीनवर, कोणी स्टोअरला. मी लगबगीनं शर्ट चढवला, 'या या' म्हटलं, आतून चार खुर्च्या आणून मांडल्या. एरवी त्या आमच्या सतरंजीवर पाय पसरून बसत, हे मला पुढे कळलं. तेव्हा त्या डोक्यावर पदर ओढून खुर्चीच्या कडेवर टेकल्या, हात मांडीवर ठेवून, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारख्या.

कोणीच बोलेना म्हणून मी बोललो. एकेकीला नवऱ्याची खबर विचारली. सगळ्यांचं काम मला ठाऊक होतं. एकीला म्हटलं, "भाईसाहब का हाथ अच्छा है, बस थ्रेडिंग में जल्दी करते हैं." थ्रेडिंग म्हणजे आटे पाडणं, आणि हे मी कौतुक म्हणून म्हटलं होतं. ती फरशीकडे बघत राहिली. दहा मिनिटांत तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "चलो दीदी, गैस पे दूध चढ़ा के आई हूँ." मग बाकीच्या तिघींनाही आठवलं की त्यांचंही दूध गॅसवर आहे.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, त्याही उभ्याउभ्या. त्यानंतर कोणी आलं नाही. मी बायकोला एकदा सहज म्हटलं, तुझ्या मैत्रिणी दिसत नाहीत हल्ली. "कामं असतात त्यांना," ती म्हणाली आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर निघून गेली. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. इतक्या वर्षांनी नवरा-बायकोला एकमेकांसाठी वेळ मिळतोय, त्यात या चौघी कशाला.

काही दिवसांनी ती स्वतःच दुपारची त्यांच्याकडे जाऊ लागली, कोपऱ्यावरच्या मराठी बाईंच्या घरी. मी तिला कधी अडवलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. फक्त विचारत असे, किती वाजता येशील. आणि वेळ टळली तर फोन करत असे. साखरेचा डबा कुठे आहे असं काहीतरी निमित्त असे, खरं तर डब्यावर मीच पट्टी चिकटवली होती. मग तिनं जाणंही बंद केलं. तेही माझ्या लक्षात आलं नाही. केसभर फरक पकडणारा माणूस मी, आणि माझ्यासमोर एवढं मोठं घर गप्प झालं ते मला दिसलं नाही.

मग मटारचे दिवस आले. जबलपूरचा हिवाळा म्हणजे मटार. गाड्याच्या गाड्या येतात आणि घरोघरी पोती उतरतात. आमच्या आणि त्या चौघींच्या मिळून पाच घरांची रीत अशी की सगळ्यांचा मटार एकत्र घ्यायचा आणि एका घरी बसून दोन-तीन दुपारी सोलून टाकायचा. ते घर दर वर्षी आमचं असे. मला याचा पत्ता एवढाच होता की हिवाळ्यात मी पाच वाजता घरी आलो की फ्रीजमध्ये मटारची पाकिटं भरलेली असत. ती कुणी भरली, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

या वर्षी मटार मी आणला. दहा किलो, निवडून, दुकानदाराशी दोनदा भांडून. आणि आम्ही दोघं सोलायला बसलो. ती सोलत होती, मी तिचे दाणे घेऊन तीन परातींत टाकत होतो.

"हे काय करून राहिले?" तिनं विचारलं.

"साइजप्रमाणे लावतोय. मोठे वेगळे, मधले वेगळे, बारीक वेगळे. म्हणजे सारखे शिजतात."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं, ओरडण्यात मी तिला कधी हार गेलेलो नाही.

"रिटायर तुम्ही झाले," ती म्हणाली. "माझं काहून बंद करून टाकलं?"

"तुझं काय बंद केलं मी?"

"बावीस वर्षं यायच्या त्या चौघी. परवापासून कोपऱ्यावर बसून मटार सोलून राहिल्या. मला बोलावलं होतं. मी म्हटलं, हे घरी आहेत."

"मग जायचं होतंस. मी काय दार लावून घेतलं होतं?"

"मागच्या वेळी गेली होती तर तासात तीन फोन केले तुम्ही. पहिल्या फोनला सगळ्या हसल्या. तिसऱ्याला कोणी हसलं नाही."

मी म्हटलं, मग त्यांनी इथं यावं, मी काय वाघ आहे का, मी तर उठून खुर्च्या दिल्या होत्या. त्यावर तिनं जे सांगितलं ते मी विसरणार नाही. ज्या बाईला मी थ्रेडिंगचं बोललो होतो तिच्या नवऱ्याचा माल मी परत पाठवला की तो घरी जाऊन जेवत नसे, मुलांवर राग काढत असे. आणि ती बाई दुसऱ्या दुपारी आमच्याकडे येऊन हे सगळं बायकोला सांगत असे. आमच्याच सतरंजीवर बसून रडत असे आणि मला शिव्या देत असे.

"आणि तू ऐकून घ्यायची?"

"ऐकून घ्यायची, चहा द्यायची. चहा पिऊन तिला बरं वाटायचं, ती घरी जायची. आता तुम्हीच बसून राहता इथं. ती कुठं जाईल, सांगा."

मला राग आला. खराब माल मी पास करायला हवा होता का, असं मी मोठ्यानं विचारलं आणि ताडकन उठलो. पायाचा धक्का लागून एक परात उलटली, दाणे पलंगाखाली गेले. नंतर तीन दिवस मी बायकोशी बोललो नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, माझा तर सुंभही जळला नव्हता, नुकताच फॅक्टरीच्या गेटबाहेर काढून ठेवला होता.

तीन दिवस गप्प राहिल्यावर मात्र विचार करावा लागला. मला वाटत होतं की बदल माझ्या आयुष्यात झालाय. नोकरी माझी गेली, साहेबी माझी गेली, सकाळची घाई माझी गेली. बिचारा मी, आणि बघा कसा हसत सगळं निभावतोय. बायकोचं काय, ती होती तिथंच आहे, तिला काय फरक पडणार. पण सकाळी आठ ते संध्याकाळी पाच हे घर तिचं होतं. त्या घरात मी कधी राहिलोच नव्हतो. तिथं कोण येतं, काय बोलतं, कशावर रडतं, मला काहीही माहीत नव्हतं. मी पाचनंतरचा माणूस, आणि एके दिवशी ढोल वाजवत, गुलाल उधळत मला तिच्या दुपारच्या घरात आणून सोडलं होतं. तिच्या हातात ओवाळायचं ताट देऊन.

चौथ्या दिवशी जेवताना मी सांगितलं, उद्यापासून मी एक ते पाच बाहेर असेन, रोज. "कुठं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ते मी बघतो. तिनं फक्त वरण वाढलं.

बघतो म्हणणं सोपं होतं. पहिले चार दिवस बागेतल्या बाकावर रिटायर लोकांत जाऊन बसलो. तिथं फक्त गुडघ्यांची चर्चा. कुणाचा डावा, कुणाचा उजवा, कुणी ऑपरेशन करून आलेला तर सगळे त्याच्याकडे जावयासारखं बघत. पाचव्या दिवशी माझाही गुडघा दुखायला लागला तेव्हा मी तिथून उठलो आणि गोहलपूरला गेलो.

गोहलपूरच्या एका बोळात आमच्याच फॅक्टरीतला एक जुना टर्नर दुकान चालवतो. माझ्या सहा वर्षं आधी रिटायर झाला आणि एक सेकंडहँड लेथ मशीन घेऊन बसला. मी दारात उभा राहिलो तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "साहब, आप? कुछ रिजेक्ट करना रह गया था क्या?"

मी म्हटलं, असंच आलो. त्यानं स्टूल पुढे सरकवलं. थोड्या वेळानं एक चक्कीवाला चक्कीचा झिजलेला शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, घेऊन आला आणि टर्नर त्यावर बसणारं नवीन बुश, म्हणजे लोखंडी कडं, बनवू लागला. ना ड्रॉइंग, ना माप लिहून घेतलेलं. माझ्यानं राहवेना. बुश मशीनवरून उतरल्याबरोबर मी उचललं आणि पिशवीतून केसभर माप घ्यायचं व्हर्नियर काढलं. हो, मी व्हर्नियर घेऊन हिंडत होतो.

त्यानं माझ्या हातातून बुश काढून घेतलं. "साहब, बैठना है तो रोज़ बैठिए," तो शांतपणे म्हणाला. "पर हाथ मत लगाइए."

चक्कीवाल्यासमोर म्हणाला. माझे कान तापले. जन्मात कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं आणि जो बोलला त्याचा माल मी किती वेळा परत पाठवला होता ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. त्याच क्षणी उठून घरी निघालो असतो. पण घड्याळात पाहिलं तर अडीच वाजले होते. अडीचला घरी जायची सोय नव्हती. म्हणून बसून राहिलो, तोंडात मारल्यासारखा.

बसून राहिलो म्हणून बघत राहिलो. टर्नर बुश शाफ्टवर चढवून बघायचा, पुन्हा मशीनवर घ्यायचा, जरासं खरवडायचा, पुन्हा चढवायचा. मी विचारलं, मापानं का करत नाही. तो म्हणाला, मापाचं काम फॅक्टरीत, तिथं दोन्ही वस्तू नव्या असतात. इथं येतं ते वीस वर्षं चाललेलं, आपापल्या बाजूनं घासलेलं असतं. ज्याला बसवायचंय त्याच्यावरच घालून बघावं लागतं, आणि घाई केली तर दोन्ही जातात. तो शाफ्टबद्दलच बोलत होता. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं, आणि ते काय ते इथं वेगळं सांगायची गरज नाही.

मग मी रोज जाऊ लागलो. हात लावत नाही. आता कधी कधी तो स्वतःच एखादी वस्तू माझ्या हातात देतो आणि मी काय म्हणतो ते ऐकतो, आणि मग त्याला हवं तेच करतो.

मैत्रिणी लगेच आल्या नाहीत. साहजिक आहे, गेलेला माणूस मध्येच परत येईल ही धास्ती असणारच. मी पाचच्या आधी पाऊल टाकत नव्हतो, तरी घर तसंच गप्प मिळायचं. बायको एकटीच काहीतरी निवडत बसलेली. मला वाटू लागलं की उशीर झाला, आपण तिचं जे मोडलं ते आता जुळत नाही. हे तिला विचारायचीही हिंमत नव्हती. मग एक दिवस पाचला आलो तर अंगणात गाईसाठी ठेवलेली बादली मटारच्या टरफलांनी काठोकाठ भरली होती. एका बाईनं एका दुपारी एवढं सोलणं शक्य नाही, हे मला आता स्वानुभवानं माहीत होतं. मी बादलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि काहीही न विचारता हातपाय धुवायला गेलो. एवढं न बोलणं मला फार जड गेलं.

हे मागच्या महिन्यातलं. परवा गोहलपुरात तीन वाजता लाइट गेली. मशीन बंद, टर्नरनं शटर ओढलं, मी रिक्षा करून निघालो ते साडेतीनला दारात. बाहेर चपलांचे चार जोड. आणि आतून हसण्याचा आवाज.

बायकोचं हसणं मला माहीत आहे. लग्नकार्यात हसते ते, मुलाचा फोन आला की हसते ते, माझ्या विनोदाला हसते ते. हे त्यातलं नव्हतं. हे पोटातून येत होतं, मध्येच श्वास अडकत होता, ती कुणाला तरी "बस ना गं, बस कर" म्हणत होती आणि पुन्हा फुटत होती. इतर चौघीही हसत होत्या, पण मला तिचंच ऐकू येत होतं. चौतीस वर्षांच्या संसारात हे हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. खोटं कशाला सांगू, आधी हेवा वाटला. मग वाटलं, माझ्यावरच हसत असतील. असतीलही. मग आत जाऊन एकदा तिचा चेहरा बघावा असं इतकं मनापासून वाटलं की माझा हात कडीवर गेला होता. नुसतं बघायचं आणि निघायचं, मी मनाशी म्हटलं. पण मी नुसतं बघून निघणाऱ्यातला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी परत फिरलो. चौकापर्यंत गेलो, नको असलेले पेरू घेतले, उन्हात एका दुकानाच्या पायरीवर बसलो. दुकानदारानं विचारलं, "किसी का इंतज़ार है, अंकल जी?" मी म्हटलं, पाच वाजायचं.

पाचला घरी आलो. खोली झाडलेली होती, सतरंजी घडी करून ठेवलेली. तिनं चहा केला आणि आम्ही समोरासमोर बसलो. तिनं पेरू बघितले, एक उचलून दाबून पाहिला.

"आज साडेतीनला आले होते तुम्ही," ती म्हणाली.

मी कपात बघत म्हटलं, तुला कसं कळलं.

"पाय ओळखत नाही का मी तुमचे? दारापर्यंत आले. थांबले. मग गेले."

"मग हाक काहून नाही मारली?"

तिनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

"हाक मारली असती तर तुम्ही आत आले असते."

मला राग यायला हवा होता. पण तिचं खरं होतं, मी आत गेलो असतो.